पाठ दुखत नाही, मग मणक्यांचा फोटो कशाला?

ठिसूळ हाडांचा आजार असलेल्या मुलाच्या घरी एक्स-रेचं नवल उरलेलं नसतं. मांडी मोडली, फोटो. हात सुजला, फोटो. प्लास्टर काढायचं, पुन्हा फोटो. पण मूल पडलेलं नाही, रडलेलं नाही, पाठ दुखते असंही कधी म्हणालेलं नाही, आणि तरी डॉक्टर चिठ्ठीवर ‘डीएल स्पाइन, लॅटरल’ असं लिहून देतात, तेव्हा आईबाप बुचकळ्यात पडतात. त्यात कुणीतरी नातेवाईक ‘इतके एक्स-रे बरे नव्हेत हं’ असं सांगून जातो. मग ती चिठ्ठी फाइलीतच राहते.

ती तशी राहू नये असं मला वाटतं. का, ते समजायला आधी आजार थोडा समजून घ्यावा लागेल.

हाड ठिसूळ का होतं

या आजाराचं वैद्यकीय नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. दवाखान्यात सगळे ‘ओआय’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि त्यांच्यावर खनिज बसतं. खनिजामुळे हाड कडक होतं, धाग्यांमुळे चिवट. हे धागे बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असला की बहुतेक वेळा ओआय होतो. सौम्य प्रकारात धागा चांगला असतो, पण निम्माच तयार होतो. तीव्र प्रकारात धाग्याची घडणच चुकलेली असते. डेव्हिड सिलेन्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये याचे चार प्रकार पाडले. आज जनुकांवरून त्याहून बरेच जास्त प्रकार माहीत आहेत, पण ओपीडीत अजून ‘टाइप वन’, ‘टाइप थ्री’ हीच भाषा चालते.

यातून एक गोष्ट उघड होते. आईने गरोदरपणात दूध कमी प्यायलं म्हणून हे झालेलं नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी धागा सुधारणारही नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडू द्यायचं नाही, एवढंच.

मणका मोडतो म्हणजे नेमकं काय होतं

हातापायाचं लांब हाड बाहेरून जाड, घट्ट कवचाचं असतं. ते मोडलं की तुकडे होतात, सूज येते, मूल किंचाळतं. मणक्याची रचना वेगळी. त्याचा पुढचा गोल भाग, ज्यावर शरीराचं वजन येतं, तो आतून जाळीदार असतो आणि बाहेरचं कवच पातळ. ओआयमध्ये ही जाळी विरळ असते, तिचे तंतूही बारीक असतात. त्यामुळे मणक्याचे तुकडे होत नाहीत. तो दबतो, खचतो. रिपोर्टात याला ‘कॉम्प्रेशन फ्रॅक्चर’ म्हणतात.

जेवणाचा पुडाचा डबा डोळ्यांसमोर आणा. एकावर एक रचलेले पूड म्हणजे मणके. मधल्या एका पुडाची पुढची बाजू चेपली, तर त्याच्यावरचे सगळे पूड पुढे कलतात. मणक्याचंही तसंच होतं: पुढून दबला तर तो पाचरीसारखा दिसतो आणि पाठीला पोक येऊ लागतं. कधी झाकण आणि तळ दोन्ही मध्येच आत जातात. असा मणका दोन्हीकडून खोलगट दिसतो. कधी सगळा पूडच चपटा होतो, आणि असे बरेच चेपले तर मुलाची उंची कमी भरते.

‘मोडला असता तर दुखलं असतं ना?’

पालकांची मोठी शंका ही, आणि ती रास्तही आहे. पण उत्तर नाही असं आहे. ओआयच्या मुलांत, तसंच दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांत, मणके बऱ्याचदा काहीही न दुखता खचतात. एका दणक्यात नव्हे, रोजच्या बसण्या-उठण्याच्या भाराने हळूहळू दबत जातात. शिवाय ज्या मुलाने चार वेळा मांडी मोडून घेतली आहे, त्याच्या लेखी पाठीचा बारीक ठणका ‘दुखणं’ या यादीत बसतच नाही. शाळेतून आल्यावर ते आडवं होतं, जास्त वेळ बसायला कंटाळतं, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात.

म्हणून मणक्यांचा फोटो दुखण्याची वाट बघून काढायचा नसतो. निदान झालं की एक फोटो सुरुवातीला काढून ठेवायचा, आणि पुढचा प्रत्येक फोटो त्याच्याशी ताडून बघायचा. या तपासणीचा जीव या ताडून बघण्यात आहे. एकटा फोटो अर्धीच गोष्ट सांगतो.

फोटोच्या खोलीत

‘डीएल स्पाइन’ म्हणजे छातीमागचे बारा आणि कमरेचे पाच मणके. लॅटरल म्हणजे कुशीवरून घेतलेला फोटो. मणक्याची उंची त्यातच मोजता येते. समोरून घेतलेला फोटो कणा डावी-उजवीकडे वाकलाय का ते दाखवतो. छातीचे अगदी वरचे दोन-तीन मणके कुशीच्या फोटोत खांद्यांआड लपतात, तेव्हा रिपोर्टात त्यांचा उल्लेख नसला तर दचकू नका.

टेक्निशियनला दारातच सांगा की मुलाला ओआय आहे. चिठ्ठीवर असतं, पण गर्दीत चिठ्ठी कोण वाचतो? मुलाला टेबलावर घ्यायचं ते ज्याला त्याला उचलायची सवय आहे त्यानेच. काखेत धरून उचलायचं नाही. डोकं-मान आणि ढुंगणाखाली हात घालून सबंध अंग एकदम उचलायचं. हात डोक्याच्या वर ओढून धरू नयेत, वाकलेले पाय ‘सरळ कर’ म्हणून दाबू नयेत. मूल कुशीवर वळवता येत नसेल तर त्याला उताणंच ठेवून मशीन आडवं लावता येतं. दोन मिनिटं जास्त जातात, पण कुणालाही तो आग्रह धरायचा हक्क आहे. तुम्ही शिशाचा एप्रन घालून जवळ थांबू शकता. आई पुन्हा गरोदर असेल तर दुसऱ्या कुणी थांबावं.

आणि करदोटा काढा. चांदीचा असेल तर तो बरोबर कमरेच्या मणक्यांवर उमटतो. ताईत, पिन, धातूची बटणं यांचंही तसंच. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या वस्तूपायी पुन्हा किरणं द्यावी लागणं यात काही शहाणपण नाही.

फोटो नीट आलाय का हे कळणंही महत्त्वाचं असतं. पुडाचा डबा डोळ्यांच्या रेषेत धरला तर कड एकच सरळ रेघ दिसते, वरून बघितला तर तीच कड लंबगोल दिसते. किरण तिरका गेला की मणक्याच्याही अशा दुहेरी कडा दिसतात आणि नसलेला खोलगटपणा असल्यासारखा भासतो. कणा वाकडा असलेल्या मुलात हे टाळणं फार अवघड जातं.

रिपोर्टात लिहिलेलं ‘ग्रेड वन’

मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची मोजतात आणि ती किती घटली ते बघतात. वीस टक्क्यांपेक्षा कमी घट असेल तर सहसा फ्रॅक्चर म्हणत नाहीत. २० ते २५ टक्के म्हणजे ग्रेड वन, २५ ते ४० टक्के म्हणजे ग्रेड टू, त्यापुढे ग्रेड थ्री. ही पद्धत मुळात मोठ्यांसाठी १९९३ मध्ये आली आणि हॅरी जेनंट यांच्या नावाने ओळखली जाते; मुलांसाठीही तीच वापरतात.

इथे एक अडचण आहे. लहान मुलाच्या मणक्याचे कोपरे मुळातच गोलसर असतात, कारण तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. छाती आणि कमर जिथे जुळते तिथले मणके निरोगी मुलातही पुढून किंचित कमी उंचीचे असतात. मोठ्यांचेच फोटो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला हे फ्रॅक्चर वाटू शकतं, आणि उलट खरा खचलेला मणका ‘वयानुसार असेल’ म्हणून सुटूही शकतो. लहान मुलांचे फोटो नेहमी वाचणाऱ्याकडून एकदा बघून घेणं म्हणूनच फायद्याचं.

इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री ही हाडांच्या मोजमापाचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या मते मोठा अपघात किंवा त्या जागचा दुसरा आजार नसताना मुलाचा एक जरी मणका खचलेला असेल, तर हाडं ठिसूळ झाली आहेत असं म्हणायला तेवढं पुरतं. घनतेचा आकडा काहीही असो.

‘डेक्सा केलाय की, तो पुरे नाही का?’

डेक्सा म्हणजे हाडात खनिज किती आहे ते मोजणारी तपासणी. मशीन साधं, त्रास शून्य, आणि हाती एक आकडा मिळतो, म्हणून लोकांचा त्यावर फार भरवसा. पण मुलांमध्ये तो आकडा तीन-चार ठिकाणी फसवतो.

पहिलं, कागदावर टी-स्कोअर छापला असेल तर त्याच्यावर सरळ काट मारा. तो तरुण माणसाशी तुलना करतो. सहा वर्षांच्या पोराची तुलना पंचविशीच्या माणसाशी करून काय मिळणार? मुलांसाठी झेड-स्कोअर बघायचा, म्हणजे त्याच वयाच्या मुलामुलींशी तुलना. दुसरं, डेक्सा हाडाची सावली मोजतो, जाडी नाही. त्यामुळे लहान चणीच्या मुलाचा आकडा आहे त्याहून वाईट दिसतो, आणि ओआयची बरीच मुलं चणीने लहानच असतात. उंचीचा हिशेब धरून आकडा दुरुस्त करावा लागतो. तिसरं जरा विचित्र आहे: मणका खचला की तेवढंच खनिज कमी जागेत दाटतं, आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. घरात पेढे वाटावेत असा आकडा आणि फोटोत दोन मणके चपटे, असं होऊ शकतं. शेवटचं म्हणजे धाग्याच्या प्रतीबद्दल डेक्सा काहीच सांगत नाही.

डेक्साचं काम आहे, पण ते उपचाराची दिशा कळण्यापुरतं. मणक्याचा आकार बघायला चित्रच लागतं. काही नव्या डेक्सा मशीनवर मुलाला कुशीवर ठेवून सबंध कण्याचं चित्रही घेता येतं, तेही एक्स-रेपेक्षा बऱ्याच कमी किरणांत. ही सोय असेल आणि वाचणारा जाणकार असेल, तर ते चित्र साध्या फोटोऐवजी चालतं. कणा फार वाकलेला असेल तर ते धूसर येतं. मग साधा फोटोच बरा.

‘किती किरणं जातात अंगात!’

काळजी बरोबर आहे, भीतीचं माप चुकतं. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या सगळ्यांच्या अंगात किरणं जातच असतात. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. सिव्हर्ट हे किरणांच्या परिणामाचं एकक. डेक्साची मात्रा अशा एखाद-दोन दिवसांची. डिजिटल मशीनवर मुलाच्या मापाने घेतलेला कण्याचा एक फोटो वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेच्या जेमतेम काही भागाइतका. सीटी स्कॅनची मात्रा मात्र या फोटोच्या अनेक पट, म्हणून तो ठरावीक कारणाशिवाय करत नाहीत. ‘किरणांनी हाडं आणखी ठिसूळ होतात’ ही समजूत मी बऱ्याचदा ऐकली आहे. या मात्रेत तसं काही होत नाही. प्रश्न असतो तो आयुष्यभराच्या बेरजेचा आणि कर्करोगाच्या अगदी थोड्या वाढीव शक्यतेचा. म्हणून बेकामाचे फोटो टाळायचे: दर तीन महिन्यांनी हौसेखातर नको, दुसऱ्या दवाखान्यात गेलो म्हणून तोच फोटो पुन्हा नको.

परदेशात आणि आपल्याकडच्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत ईओएस नावाचं मशीन असतं. मूल उभं किंवा बसलेलं असताना समोरून आणि बाजूने एकाच वेळी, कमी किरणांत चित्र मिळतं. त्यामागचं तंत्र जॉर्ज शार्पाक या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कण टिपणाऱ्या यंत्रातून आलं, ज्याबद्दल त्यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नसलं जवळ, तरी अडत नाही.

‘मग सरळ एमआरआयच करा’

एमआरआयमध्ये किरणं नसतात, हे खरं. पण अर्धा तास, कधी जास्त, अजिबात हलायचं नाही; लहान मुलाला त्यासाठी झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते, आणि तीव्र ओआयमध्ये छाती लहान असल्याने भूल सोपी नसते. मणक्याची उंची मोजायला तो लागतही नाही. पायात रॉड घातलेला असेल तर एमआरआय बहुधा करता येतो, पण शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. रॉड कुठल्या धातूचा, कुठल्या कंपनीचा, ते तिथे विचारतातच.

एमआरआयची खरी जागा मानेच्या वर आहे. तीव्र ओआयमध्ये कवटीचा तळ मऊ असल्याने डोक्याच्या वजनाने तो खाली बसतो आणि मानेच्या दुसऱ्या मणक्याचा सुळका आत वर सरकतो. याला बेसिलर इनव्हॅजिनेशन म्हणतात. तिथूनच मज्जारज्जू आणि मेंदूचा देठ जातो, त्यामुळे गोष्ट गंभीर. कवटीच्या कुशीच्या साध्या एक्स-रेवर तोंडातली टाळू आणि कवटीचं मागचं टोक यांना जोडणारी रेघ मारून सुळका तिच्या किती वर गेलाय ते बघतात. शंका आली तर एमआरआय. खोकताना-शिंकताना मागे डोकं दुखणं, गिळताना ठसका, हातापायात मुंग्या, चालण्यात बदल, डोळ्यांची थरथर, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

अशा मुलाची मान हाडवैद्याकडे किंवा केस कापताना न्हाव्याकडे ‘मोडून’ घेऊ नये, हे सांगायला हवं असं वाटत नाही. पण बघितलंय म्हणून सांगतो. बाळाला आंघोळ घालणाऱ्या बाईंनाही हात-पाय ताणायची मालिश बंद असं स्पष्ट सांगा.

कणा वाकतो तेव्हा

समोरच्या फोटोत कणा बाजूला वाकलेला दिसला आणि कोन दहा अंशांपेक्षा जास्त भरला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. ओआयच्या तीव्र प्रकारांत तो फार आढळतो आणि वाढीच्या वयात झपाट्याने पुढे सरकतो. वयात येण्याआधी ज्यांचे बरेच मणके दोन्हीकडून खोलगट झालेले असतात, त्यांच्यात पुढे मोठा बाक येण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे कुशीचा फोटो समोरच्या फोटोचं भाकीत करतो.

बाकाची चिंता दिसण्यापुरती नाही. छाती आक्रसते, फुप्फुसाला जागा उरत नाही, आणि तीव्र ओआयमध्ये जीव जाण्याचं मोठं कारण श्वसनाचंच असतं.

पालक विचारतात, पट्टा बांधू का? इतर मुलांत पट्ट्याचा उपयोग होतो. इथे बरगड्याच मऊ असतात, पट्ट्याचा दाब कण्यापर्यंत पोचण्याआधी बरगड्या वाकतात. म्हणून ओआयमध्ये पट्ट्याने बाक थांबत नाही असाच अनुभव आहे. बाक वाढत राहिला तर शस्त्रक्रिया, आणि कच्च्या हाडात स्क्रू धरत नाहीत म्हणून ती फार वाट बघून करण्यापेक्षा वेळेत ठरवलेली बरी.

कोनाची तुलना करताना एक पाळा: मागचा फोटो उभ्याने असेल तर पुढचाही उभ्याने, बसून असेल तर बसूनच. झोपल्यावर बाक आपोआप कमी दिसतो. मागच्या वर्षी बसून आणि यंदा झोपून काढला, तर सुधारणा झाल्याचा खोटा आनंद पदरी पडतो.

‘दिसलं तरी करणार काय?’

बरंच काही. मोठ्या माणसाचा खचलेला मणका पुन्हा उभा राहत नाही. मुलाचा राहू शकतो, कारण तो अजून वाढत असतो. १९९८ मध्ये माँट्रियलच्या फ्रान्सिस ग्लोरिओ यांच्या गटाने ओआयच्या मुलांना पॅमिड्रोनेट हे औषध ठरावीक अंतराने सलाईनमधून दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि उपचाराची दिशा बदलली. पॅमिड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं. हाड झिजवणाऱ्या पेशींना ती आवरतात, त्यामुळे हाड साठतं. हातापायांची फ्रॅक्चर यांनी किती कमी होतात याबद्दल अभ्यास एकमुखी नाहीत. चपट्या मणक्यांना पुन्हा उंची येण्यात मात्र त्यांचा फायदा फोटोत दिसतो. अट एकच, वाढीची वर्षं हातात असायला हवीत. चौदाव्या वर्षी सापडलेला मणका आणि पाचव्या वर्षी सापडलेला मणका यांत फरक पडतो तो इथे.

औषध सुरू झाल्यावर फोटोत नवंच काहीतरी दिसतं: गुडघ्याजवळ समांतर पांढऱ्या रेघा, आणि मणक्याच्या आत लहान मणक्याची बाह्यरेषा. तो बिघाड नाही. प्रत्येक डोसच्या वेळी हाड जिथवर वाढलं होतं तिथे उमटलेली खूण आहे. रेघा मोजून डोस मोजता येतात.

किती दिवसांनी, आणि कुठे

निदानावेळी एक, मग वाढ आणि उपचार चालू असेपर्यंत साधारण वर्षा-दोन वर्षांनी एक कुशीचा फोटो, असा बऱ्याच ठिकाणचा शिरस्ता आहे. मध्येच पाठ दुखली, उंची थांबली किंवा पोक दिसलं तर लगेच. डेक्सा सहा महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नसतो.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ओआयवरच्या बिस्फॉस्फोनेट उपचाराचा दुसऱ्या गटात, म्हणजे दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या आजारांच्या गटात, समावेश आहे, आणि या धोरणाखालच्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. तिथे किंवा कुठेही जाताना नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही. नव्या डॉक्टरला मणके स्वतः मोजायचे असतात, म्हणून दर वेळी फिल्मसोबत सीडी मागून घ्या, आणि पाकिटावर तारीख, मुलाची त्या दिवशीची उंची आणि फोटो उभ्याने, बसून की झोपून काढला ते पेनाने लिहून ठेवा.